सागरतळाच्या गाळातून जुन्या समुद्राचे तापमान आणि प्रवाह कसे वाचावेत : सोलापुरातील अभ्यासकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

भीमा आणि सीना या नद्यांचे पाणी पूर्वेकडे वाहते, कृष्णेत मिसळते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या मातीचा बारीक अंशही याच वाटेने समुद्रात गेला आहे, आणि मोठी धरणे उभी राहीपर्यंत त्याला अडवणारे वाटेत फारसे काही नव्हते. त्यामुळे कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोरील सागरतळातून काढलेला गाळ सोलापुरातल्या एखाद्या टेबलावर येतो, तेव्हा त्यातील काही चिकणमाती एका अर्थाने माहेरी आलेली असते. आपल्याला मात्र ती धुऊन टाकायची आहे आणि तिच्यात दडलेली, वाळूच्या कणाएवढी चुनखडी कवचे वेचून काढायची आहेत. ही कवचे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची असतात. त्यांतील काही जाती समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगत जगतात, त्यांना प्लवक म्हणावे. काही तळाशी राहतात, त्या तलस्थ. एकाच चमचाभर गाळात वरच्या पाण्याचे आणि खोल पाण्याचे असे दोन्ही साक्षीदार सापडतात, आणि या पद्धतीचे सारे बळ त्यातच आहे.

हा लेख भूशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि लहान प्रयोगशाळेतून असा प्रकल्प सुरू करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी लिहिला आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. नमुना धुणे, वाळवणे, कवचे वेचणे, जाती ओळखणे आणि मोजणे ही सर्वाधिक वेळ खाणारी कामे चांगला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, दोन-तीन बारीक चाळण्या आणि एक साधा ओव्हन एवढ्यावर सोलापुरात होऊ शकतात. समस्थानिकांचे (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) आणि सूक्ष्म धातूंचे मापन तेवढे बाहेर करून घ्यावे लागते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. कवचात तापमानाबरोबर आणखी चार-पाच गोष्टी नोंदल्या जातात: त्या काळी जमिनीवर किती बर्फ साठले होते, पाणी किती खारे होते, तो जीव कोणत्या ऋतूत आणि किती खोलीवर वाढला, आणि मेल्यानंतर त्याचे कवच तळाशी किती विरघळले. प्रकल्पाचा निम्म्याहून अधिक वेळ या गोष्टी वजा करण्यात जातो. जो त्या वजा करत नाही, त्याच्या हाती आकडा येतो, पण तापमान येत नाही.

प्रश्न आणि जागा ठरवणे

गाळ मागवण्याआधी प्रश्न ठरवावा. ‘पूर्वीचे हवामान अभ्यासणे’ हा प्रश्न नव्हे. ‘सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, पूर्व अरबी समुद्राचा पृष्ठभाग आजच्यापेक्षा किती थंड होता’ हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर कोणत्या जातीत, किती सेंटिमीटर अंतराने घेतलेल्या नमुन्यांत आणि किती अचूक वयांसह मिळेल, हे त्यावरूनच ठरते. सोलापूरकराला साहजिकच पावसाचा प्रश्न जवळचा वाटेल. गोदावरीच्या मुखासमोरील एका कोअरमधून, म्हणजे तळातून काढलेल्या गाळाच्या दंडगोलातून, गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांत दख्खन कसकसे कोरडे होत गेले याचा मागोवा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तेथे मुख्य पुरावा गाळात टिकून राहिलेल्या पानांवरील मेणाच्या रेणूंचा होता. पावसाचा माग काढायचा असला, तरी समुद्राचे तापमान आणि क्षारता आधी वेगळी काढता आली पाहिजे, म्हणून सुरुवात येथूनच करणे बरे.

कोअर म्हणजे तळात पोकळ नळी रुतवून काढलेला गाळाचा सलग दंडगोल. बाजार समितीत ज्वारीच्या पोत्यात पोकळ टोकदार सळई खुपसून दाणे बाहेर काढून पाहतात, तत्त्व तेच. फरक एवढाच की येथे पोत्यातील दाण्यांचा क्रम हाच सारा ऐवज असतो. वजनदार नळी वेगाने आत शिरताना वरचा मऊ थर विस्कटतो किंवा निसटतो, त्यामुळे लांब कोअरचा माथा म्हणजे आजचा काळ असे गृहीत धरू नये. आजच्या काळाशी तुलना करायची असेल, तर त्याच ठिकाणी हलक्या हाताने घेतलेला आखूड कोअर शोधावा.

जागा निवडताना खोली आणि गाळ साचण्याचा वेग या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. खोल समुद्रातील थंड आणि दाबाखालचे पाणी चुनखडी विरघळवते. हिंदी महासागराच्या बऱ्याच भागात सुमारे साडेचार ते पाच किलोमीटर खोलीखाली कवचे जवळजवळ उरतच नाहीत, आणि त्याच्या बरेच वरपासून झीज सुरू झालेली असते. उघड्या खोल समुद्रात गाळ हजार वर्षांत अवघा एक ते पाच सेंटिमीटर साचतो. तळावरचे किडे आणि इतर प्राणी साधारणपणे वरचे दहा सेंटिमीटर सतत ढवळत असतात. वेग हजार वर्षांना दोन सेंटिमीटर असेल, तर त्या ढवळण्यात पाच हजार वर्षांची सरमिसळ होते, आणि अशा कोअरमधून शतकांच्या बदलांविषयी बोलणे व्यर्थ ठरते. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते बाराशे मीटर खोलीच्या पट्ट्यात पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो, तेथे ढवळणारे प्राणी कमी असतात आणि काही ठिकाणी गाळाचे पातळ थर जसेच्या तसे टिकतात. बारीक कालमापनासाठी ती जागा उत्तम. पण तेथील तलस्थ जाती मात्र कमी ऑक्सिजनच्या असतात, हे पुढे लक्षात ठेवावे लागते.

नमुने मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांच्याकडे भारतीय जहाजांनी काढलेले कोअर आहेत, आणि तेथील एखाद्या संशोधकाबरोबर संयुक्त प्रकल्प करणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. दुसरा मार्ग आंतरराष्ट्रीय सागरी खननाच्या भांडाराचा. हिंदी महासागरात खणलेले त्या कार्यक्रमातील कोअर कोची येथे ठेवलेले आहेत. हे कोची केरळातले नव्हे, जपानातले. हा घोळ मी स्वतः एका अर्जात पाहिला आहे. १९८७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यासमोर, २०१४-१५ मध्ये बंगालच्या उपसागरात आणि २०१५ मध्ये पूर्व अरबी समुद्रात खणलेली छिद्रे आपल्या कामाची आहेत. अर्जात प्रश्न, लागणाऱ्या नमुन्यांची संख्या, प्रत्येकाचे घनफळ आणि त्यावर करायची मापने नेमकी लिहावीत. दहा घन सेंटिमीटर पुरत असताना वीस मागू नयेत, कारण एकदा काढलेला गाळ त्या जागी पुन्हा येत नाही.

धुणे आणि वाळवणे

नमुना पन्नास अंश सेल्सिअसच्या आत वाळवावा, वजन करावे आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा. शंभर अंशांवर वाळवलेली चिकणमाती विटेसारखी बसते आणि नंतर सुटत नाही. हट्टी मातीसाठी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचे सौम्य द्रावण वापरता येते. त्यानंतर ६३ मायक्रोमीटरच्या चाळणीवर पाण्याच्या मंद फवाऱ्याखाली, खालून येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवावे. बोटाने घासू नये. चाळणीखालचे गढूळ पाणी बादलीत निवळू द्यावे, कारण प्रवाहाच्या वेगासाठी त्यातील रेतीहून बारीक कण नंतर लागू शकतात.

पाण्याबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण येथे चूक सहज होते. डिस्टिल्ड पाणी ‘शुद्ध’ म्हणून सुरक्षित वाटते, पण ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि त्याचा सामू (पीएच) ५.६ च्या आसपास येतो. त्यात तासन्‌तास भिजलेली नाजूक कवचे झिजतात. उलट आपल्याकडचे बोअरचे जड पाणी कवच विरघळवत नाही, पण ते कवचावर वाळले तर पांढऱ्या क्षारांचा थर मागे ठेवते, आणि त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुढच्या मापनात घुसतात. म्हणून धुण्याचे मुख्य काम नळाच्या पाण्याने करावे, शेवटचे विसळणे खनिजरहित पाण्यात अमोनियाचा थेंब टाकून करावे, आणि नमुना लगेच वाळायला ठेवावा.

प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी मिथिलीन ब्ल्यूच्या द्रावणात बुडवावी. जाळीत अडकून राहिलेली आधीच्या नमुन्यातील कवचे निळी होतात, आणि पुढच्या नमुन्यात निळे कवच दिसले की ते पाहुणे आहे हे कळते. ही युक्ती स्वस्त आहे, आणि ती टाळणारा माणूस वर्षभराने स्वतःच्याच आलेखातील एका विचित्र उंचवट्यापाशी अडकतो.

चाळणीवर उरलेला भाग वाळवून वजन करावा. एकूण कोरड्या वजनातील त्याचा टक्का प्रत्येक नमुन्यासाठी वहीत नोंदवावा. हा आकडा एकदम घसरला, तर कवचे विरघळली असतील किंवा नदीचा गाळ वाढला असेल; कारण काहीही असो, तेथे थांबून पाहायला हवे.

वेचणे

तापमानाच्या मापनासाठी उष्ण समुद्रात सर्वाधिक वापरली जाणारी प्लवक जात म्हणजे ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर. तिच्या पेशीत प्रकाशसंश्लेषण करणारे सहजीवी शैवाल राहतात, त्यामुळे तिला उजेडात, म्हणजे वरच्या सुमारे पन्नास मीटरांत राहणे भाग असते. तिचे दोन आकार ओळखायला शिकावे. एकाच्या शेवटच्या तीन कोठड्या गोल, सममित आणि छिद्र मोठे कमानदार असते. दुसऱ्याच्या कोठड्या दबलेल्या आणि छिद्र लहान असते. पहिला थोडा वर राहतो, दुसरा थोडा खाली. दोन्ही मिसळून मोजले, तर खालच्या थंड पाण्याचा अंश उगाच आकड्यात येतो. आकारही सारखा ठेवावा: २५० ते ३५५ मायक्रोमीटरच्या चाळण्यांमधला भाग ही प्रचलित मर्यादा आहे, कारण वाढत्या वयाबरोबर कवचाचे रसायन बदलत जाते. खालच्या थरासाठी, जेथे तापमान झपाट्याने उतरू लागते, निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटर्ट्रेई घ्यावी. तळाच्या पाण्यासाठी सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी, आणि ती मिळाली नाही तर युव्हिजेरिना.

काळ्या तबकात चिमूटभर नमुना पसरावा आणि तीन शून्यांच्या (०००), म्हणजे अगदी बारीक, ओल्या ब्रशने एकेक कवच उचलून चौकटींच्या स्लाइडवर ठेवावे. ब्रश पाण्यात बुडवावा. जिभेवर ओला करण्याची सवय अनेकांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडावी. घरात ज्वारी निवडणाऱ्या बायकांचा वेग आणि नजर या कामाला उपयोगी पडते, हे मी थट्टेने म्हणत नाही: माझ्या वर्गातील सर्वांत अचूक वेचणारी विद्यार्थिनी लहानपणापासून आजीबरोबर सूप घेऊन बसलेली होती. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात एक नियम दारावर लिहून ठेवावा: सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत पंखा लावायचा नाही. एका वैशाखात मी दीड आठवडा वेचलेली चारशे कवचे उघड्या स्लाइडवर होती. कोणीतरी दयेपोटी पंखा सुरू केला. त्यानंतर मी पहाटे साडेपाचला कामाला बसू लागलो.

जातींचे प्रमाण काढायचे असेल, तर १५० मायक्रोमीटरवरचा भाग विभाजकाने निम्मा-निम्मा करत सुमारे तीनशे कवचांपर्यंत आणावा आणि त्या भागातील प्रत्येक कवच मोजावे. सुंदर दिसणारी उचलून तुटकी सोडू नयेत. तीनशेंच्या मोजणीत एखादी जात १० टक्के आली, तर निव्वळ योगायोगाने येणारी तिची चूक साधारण ३.४ टक्के अधिक किंवा उणी असते. म्हणजे शेजारच्या नमुन्यात तीच जात १२ टक्के आली म्हणून काही बदलले असे म्हणता येत नाही. तुटक्या तुकड्यांची संख्या वेगळी लिहावी. विरघळण्याचे ते स्वस्त आणि बऱ्यापैकी विश्वासू मापक आहे.

जातींच्या टक्केवारीवरून थेट तापमान काढण्याची गणिती पद्धत जॉन इम्ब्री आणि निल्वा किप यांनी १९७१ मध्ये मांडली, आणि हिमयुगातील महासागराचे पहिले जागतिक नकाशे तिच्यावर उभे राहिले. पण आपल्या उष्ण समुद्रात सगळ्याच जाती सुखात असतात आणि एक-दोन अंशांचा फरक टक्केवारीत उमटत नाही, म्हणून येथे ही पद्धत मी दुय्यम मानतो.

ऑक्सिजनची समस्थानिके

कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्यातील ऑक्सिजन समुद्राच्या पाण्यातून येतो. पाणी जितके थंड, तितका जड ऑक्सिजन-१८ कवचात अधिक बसतो. हॅरोल्ड युरी यांनी १९४७ मध्ये या भेदाचा तापमापक म्हणून उपयोग होईल हे दाखवले, सॅम्युएल एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये त्याचे समीकरण दिले, आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये खोल समुद्रातील कोअरवर ते लावून हिमयुगांची मालिका उलगडली. मापनासाठी रुबरची दहा ते वीस कवचे, तलस्थ जातींची तीन ते पाच कवचे पुरतात. ती फॉस्फोरिक आम्लात ७० अंशांवर विरघळवून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मोजतात. उत्तर प्रमाण नमुन्याच्या तुलनेत दर हजारी एककात येते आणि चांगल्या यंत्राची चूक ०.०८ दर हजारीच्या आसपास असते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा या जातीवरून १९९८ मध्ये मिळालेले सरळ समीकरण हाताळायला सोपे आहे: तापमान = १६.५ − ४.८ × (क − प). येथे ‘क’ म्हणजे कवचाचे मूल्य आणि ‘प’ म्हणजे पाण्याचे. दोघांचे प्रमाण नमुने वेगवेगळे असतात, म्हणून पाण्याच्या मूल्यातून आधी ०.२७ वजा करावे लागतात. हे विसरणाऱ्याचे तापमान १.३ अंशांनी चुकते, आणि प्रबंधांत ही चूक आढळत राहते. रुबरचे मूल्य उणे २.२ आणि पाण्याचे अधिक ०.६ असेल, तर ‘प’ ०.३३ होतो, फरक उणे २.५३ येतो आणि तापमान सुमारे २८.६ अंश, म्हणजे अरबी समुद्राच्या पृष्ठभागाला शोभेल असे.

खरी अडचण ‘प’ ची आहे. आजचे पाणी बाटलीत भरून मोजता येते, २१ हजार वर्षांपूर्वीचे नाही. हिमयुगात हलका ऑक्सिजन असलेले पाणी बाष्प होऊन जमिनीवरच्या बर्फात अडकले, समुद्राची पातळी सुमारे १२० ते १३० मीटर खाली गेली आणि उरलेले सारे पाणी सुमारे १ दर हजारीने जड झाले. एमिलियानी यांनी बर्फाचा हा वाटा बराच कमी धरला होता, म्हणून त्यांच्या आलेखात उष्ण समुद्र सुमारे सहा अंशांनी थंड झालेला दिसला. निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये दिलेला युक्तिवाद विद्यार्थ्यांनी स्वतः फळ्यावर मांडून पाहावा. खोल समुद्राचे पाणी आजच एक-दोन अंशांवर आहे आणि खारे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते. म्हणजे तळाच्या पाण्याला आणखी थंड व्हायला फारशी जागाच नाही. तरीही तलस्थ कवचांत जवळजवळ तेवढाच बदल दिसतो. तो बहुतांशी बर्फाचाच असला पाहिजे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हिमयुगातील रुबरचे मूल्य आजच्यापेक्षा १.७ ने जास्त आले. सारे तापमानाचे मानले, तर समुद्र आठ अंशांहून अधिक थंड झाला असे निघते. बर्फाचा १.० वजा केला की ०.७ उरतात आणि उत्तर ३.४ अंशांवर येते. पण त्या ०.७ मध्ये क्षारतेचाही वाटा असू शकतो. पाऊस आणि नद्या कमी झाल्या, तर पाणी अधिक खारे आणि जड होते. बंगालच्या उपसागरात, जेथे गंगा-ब्रह्मपुत्रेपासून कृष्णेपर्यंत सगळे गोडे पाणी येऊन पडते, हा वाटा दुर्लक्षिण्याजोगा कधीच नसतो. येथे दुसरा, स्वतंत्र तापमापक लागतो.

मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर

उबदार पाण्यात कवच बांधताना कॅल्शियमच्या जागी थोडे अधिक मॅग्नेशियम बसते, आणि हे प्रमाण दर अंशाला साधारण ९ टक्क्यांनी वाढते. सार्गासो समुद्रात खाली पडणारा गाळ झेलणाऱ्या सापळ्यांत गोळा केलेल्या कवचांवरून २००३ मध्ये मिळालेले समीकरण असे: गुणोत्तर = ०.३८ × ई चा (०.०९ × तापमान) वा घात, मिलिमोल प्रति मोल या एककात. २८ अंशांना ते सुमारे ४.७ येते, २५ अंशांना ३.६. वरच्या उदाहरणात हेच दोन आकडे मिळाले असे समजा. तापमान ३ अंशांनी घटले. त्याचा ऑक्सिजनमधील वाटा सुमारे ०.६२, म्हणून १.७ मधून १.० आणि ०.६२ गेले की ०.०८ उरतात, जे यंत्राच्या चुकीएवढेच आहेत. क्षारतेत मोजता येईल असा बदल झाला नाही, एवढेच म्हणावे. हेच अवशेष ०.४ आले असते, तर पाणी खारे झाले, म्हणजे गोडे पाणी आटले, असे म्हणण्याला आधार मिळाला असता.

हे सारे कवचांच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे. चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असते, आणि दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीबद्दल तर बोलायलाच नको. कोठडीत अडकलेला मातीचा एक कण आकडा दोन अंशांनी फुगवू शकतो. तीस ते पन्नास कवचे दोन काचांमध्ये हलकेच दाबून कोठड्या फोडाव्यात. मग अतिशुद्ध पाण्याने अनेकदा, मिथेनॉलने दोनदा, प्रत्येक वेळी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये क्षणभर हलवून धुवावे. सेंद्रिय पदार्थ काढण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलेल्या गरम हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवावे. आणि शेवटी अत्यंत विरल नायट्रिक आम्लाने पृष्ठभाग किंचित खरवडावा. प्रत्येक नमुन्यात ॲल्युमिनियम, लोह आणि मँगनीजही मोजून घ्यावे. ज्या नमुन्यांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम जोडीने वर चढतात, ते नमुने काढून टाकावेत, आकडा कितीही आवडला तरी.

विरघळण्याचा परिणाम येथे उलटा फसवतो. मॅग्नेशियम जास्त असलेला भाग आधी विरघळतो, त्यामुळे खोल जागेवरचा समुद्र होता त्याहून थंड भासतो. तुकड्यांची टक्केवारी आणि सारख्या आकाराच्या कवचांचे सरासरी वजन या दोन नोंदी आता कामी येतात. क्षारताही मॅग्नेशियम थोडे वाढवते. हे सगळे धरून एक ते दीड अंशाची अनिश्चितता प्रामाणिकपणे लिहावी.

तिसरा मार्ग जीवाश्म रेणूंचा. कॉकोलिथधारी, म्हणजे चुनखडीच्या सूक्ष्म चकत्यांनी झाकलेल्या, शैवालांनी बनवलेल्या अल्केनोन नावाच्या लांब रेणूंतील दुहेरी बंधांचे प्रमाण तापमानाबरोबर बदलते. कवचे विरघळली तरी हे रेणू टिकतात, मात्र सुमारे २८ अंशांपुढे ही मोजपट्टी संपते, आणि आपला समुद्र नेमका त्याच टोकाशी असतो.

वय

सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत किरणोत्सारी कार्बन उपयोगी पडतो. प्लवक कवचांचे सुमारे दहा मिलिग्रॅम लागतात. एका कवचाचे वजन १२ मायक्रोग्रॅम धरले तर आठशेहून अधिक कवचे, म्हणून वय कोठे हवे ते आधी ठरवून तेथील नमुना जास्त मागावा. अगदी लहान नमुने मोजणारी यंत्रे आता आहेत, पण त्यांतील अनिश्चितता मोठी असते. समुद्राचे पाणी मुळातच काही शतके ‘जुने’ असते, आणि अरबी समुद्रात जेथे खालचे पाणी वर येते तेथे ते आणखी जुने असते, म्हणून त्या भागासाठीची स्थानिक दुरुस्ती लावूनच किरणोत्सारी वयांच्या सागरी कालमापन वक्रावरून कॅलेंडर वर्षे काढावीत.

त्याहून जुन्या गाळासाठी तलस्थ ऑक्सिजनचा आलेख जागतिक आलेखाशी जुळवतात. लॉरेन लिसेकी आणि मॉरीन रेमो यांनी २००५ मध्ये ५७ कोअर एकत्र करून ५३ लाख वर्षांचा असा आलेख दिला. त्यातील चढउतारांच्या टप्प्यांना क्रमांक दिलेले असतात: विषम क्रमांकांचे टप्पे साधारणपणे उबदार, सम क्रमांकांचे थंड. जुळवताना हाताशी एखादा स्वतंत्र खुंटा असावा. इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची राख बंगालच्या उपसागरातील कोअरमध्ये काचेच्या चकचकीत तुकड्यांच्या रूपात सापडते, आणि आपल्याला याहून चांगला खुंटा मिळणार नाही. (जमिनीवर मात्र सावध राहावे, पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी येथे सापडलेल्या राखेच्या वयावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.)

प्रवाह

तापमानाहून अभिसरण वाचणे अवघड असते, कारण कवचात वेग नोंदला जात नाही. पाणी कोठून आले आणि पृष्ठभाग सोडून त्याला किती काळ झाला एवढेच नोंदले जाते. मुख्य साधन सिबिसिडॉइडिसमधील कार्बन-१३. पृष्ठभागावरचे शैवाल हलका कार्बन-१२ उचलतात, मरून खाली पडतात, आणि कुजताना तो खोल पाण्यात सोडतात. म्हणून खोल पाणी जितके जुने, तितके त्याचे कार्बन-१३ चे मूल्य (दर हजारी) कमी: आज उत्तर अटलांटिकच्या ताज्या खोल पाण्यात सुमारे अधिक १, खोल प्रशांत महासागरात शून्याच्या आसपास. हिमयुगात अटलांटिकमधील उत्तरेकडचे पाणी सुमारे दोन-अडीच किलोमीटरच्या वरच राहिले आणि खाली दक्षिणेकडचे पाणी पसरले, हे याच मापनातून कळले. ही जात गाळाच्या वर, वाहत्या पाण्यात राहते म्हणून ती हवी. युव्हिजेरिना गाळाच्या आत राहते, तिच्या कार्बनवर कुजणाऱ्या गाळाची छाप असते, आणि तिच्यावरून प्रवाहाचे निष्कर्ष काढू नयेत. ऑक्सिजनसाठी मात्र ती चालते. सिबिसिडॉइडिसच्या मूल्यात ०.६४ मिळवले की दोन्ही एका मापावर येतात.

येथेही वजाबाकी आहे. हिमयुगात जमिनीवरील वनस्पतींचा हलका कार्बन समुद्रात गेल्याने सगळ्याच महासागराचे मूल्य ०.३ ते ०.४ ने घटले होते. शिवाय शैवालांच्या मोसमी फुलोऱ्यानंतर तळावर त्यांचा मऊ थर साचला, तर सिबिसिडॉइडिसही त्यात रुतून काही दशांशांनी घसरते. अरबी समुद्रात हे सहज शक्य आहे. म्हणून निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांची साथ घ्यावी. कवचांवरील लेपात आणि माशांच्या दातांत टिकणारी ही खूण जीवांच्या खाण्या-वाढण्याने बदलत नाही. एप्सिलॉन या एककात उत्तर अटलांटिकचे पाणी सुमारे उणे १३, प्रशांतचे सुमारे उणे ४, दक्षिण महासागराचे यांच्या मधले. पण नद्यांच्या मुखाजवळ गाळच पाण्याची खूण बदलतो, त्यामुळे बंगालच्या उपसागरात आकडा वाचताना पाणी बोलते आहे की माती, हे आधी तपासावे.

एकाच थरातील तलस्थ आणि प्लवक कवचांच्या किरणोत्सारी वयांतला फरक हा पाण्याच्या ‘वया’चा सर्वांत सरळ पुरावा होय, पण गाळ हजार वर्षांना दहा सेंटिमीटरहून वेगाने साचत असेल तरच तो घ्यावा. तळाच्या प्रवाहाच्या वेगासाठी बादलीत जपलेला बारीक भाग काढावा: चुनखडी आम्लाने घालवून १० ते ६३ मायक्रोमीटरच्या कणांचा सरासरी आकार मोजावा, कारण वेगवान प्रवाह बारीक कण वाहून नेतो आणि भरड मागे ठेवतो.

उत्तर हिंदी महासागराचे एक वैशिष्ट्य अर्थ लावताना विसरू नये. उत्तरेला आशिया खंड असल्याने येथे खोल पाणी तयार होत नाही; तळाचे सारे पाणी दक्षिणेकडून येते. त्यामुळे येथील तळाच्या मूल्यात दक्षिण महासागरातील बदल आणि वरच्या उत्पादकतेतील बदल एकमेकांवर चढलेले असतात. युव्हिजेरिना, बोलिव्हिना, बुलिमिना या कमी ऑक्सिजनच्या तलस्थ जीवांची गर्दी वाढली की ऑक्सिजन घटला असे लिहिण्याची घाई होते. तो खालून कमी आला की वरून अन्न जास्त पडले, हे केवळ त्या गर्दीवरून ठरत नाही. पृष्ठभागावरचा प्रवाह वाचणे त्या मानाने सोपे. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड, पोषक पाणी वर ओढतात आणि त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही एरवी थंड पाण्याची जात फोफावते. अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी २००३ मध्ये ओमानसमोरील ७२३ क्रमांकाच्या जागी या एकाच जातीच्या टक्केवारीवरून दाखवले की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक थंड झाला त्या त्या वेळी मोसमी वारे दुबळे पडले. त्यासाठी लागले ते चाळणी, सूक्ष्मदर्शक, भरवशाची वये आणि मोजणीतील सातत्य.

मोजून झालेल्या आणि उरलेल्या कवचांच्या स्लाइड कोअरचे नाव, खोली, आकारमर्यादा आणि वेचणाऱ्याच्या आद्याक्षरांसह बंद पेटीत ठेवाव्यात. कच्चे आकडे, वगळलेल्या नमुन्यांची यादी आणि वगळण्याची कारणे यांसह सर्व नोंदी एखाद्या खुल्या विदागारात जमा कराव्यात. वयाचे प्रारूप पुढे कोणी सुधारले, तर त्याला खोली हवी असते, आपण काढलेली वर्षे नव्हेत. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर पहिला रकाना सेंटिमीटरमधील खोलीचाच ठेवावा.